माकडाचा पंजा: गोष्ट नक्की उतरते कुठे?

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'द मंकीज पॉ' ही भयकथा १९०२ सालची. (वाचली नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळा शेवट फोडलाय!)

भारतातून परतलेला एक सार्जंट-मेजर व्हाइट कुटुंबाकडे येतो. त्याच्याकडे फकिराने मंतरलेला माकडाचा पंजा असतो, तीन इच्छा पुऱ्या करणारा. म्हातारा व्हाइट २०० पौंड मागतो. दुसऱ्याच दिवशी मुलगा हर्बर्ट कामावर यंत्रात सापडून मरतो आणि कंपनी पैसे देते... बरोब्बर २०० पौंड!

आता प्रश्न असा की यातली 'फॉलिंग अ‍ॅक्शन' कुठली? बहुतेक जण म्हणतील, रात्री दारावर थापा पडतात तो क्लायमॅक्स, मग त्यानंतरचं सगळं उतार. पण हा उतार जेमतेम काही ओळींचा आहे. थापा थांबतात, दार उघडतं, बाहेर दिव्याखाली रिकामा रस्ता. संपलं.

मुळात ही कल्पना गुस्ताव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाची, १८६३ची. (गंमत म्हणजे जेकब्सचा जन्मही त्याच वर्षीचा.) त्याच्यासमोर पाच अंकी शोकांतिका होत्या. त्याचं शिखर नाटकाच्या मधोमध असतं. तिथे नशीब फिरतं आणि मग उतरण सुरू होते. श्वास रोखायला लावणारा प्रसंग म्हणजे शिखर, हा अर्थ नंतर रूढ झाला.

फ्रायटागचं माप लावलं तर शिखर म्हणजे ते २०० पौंड. कंपनीचा माणूस म्हणतो, जबाबदारी आमची नाही, पण मुलाच्या सेवेची कदर म्हणून ही रक्कम. ब्रिटनमध्ये १८९७ साली कामगार भरपाईचा कायदा झाला होता, म्हणजे १९०२च्या वाचकाला असे हिशेब परके नव्हते. पंजा नसता तरी हे घडू शकलं असतं, आणि खरी भीती मला तिथेच वाटते.

त्यानंतरचं सगळं उतरणच. आई मुलाला परत मागायला लावते. आपल्या भाषेत, अनडू. थापा पडतात. ती कडी काढायला धडपडते आणि बाप अंधारात पंजा चाचपडत असतो. तिसरी इच्छा काय होती ते जेकब्स सांगतच नाही. सांगायची गरजही नाही. पुरलेल्या पोराला बापाने दुसऱ्यांदा निरोप दिला, एवढं आपल्याला कळतं.

म्हणून माझं मत फ्रायटागला. तुमचं?