वळणाचा तोल

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया यांचेच स्मरण होते. परंतु मोटारीच्या वळणासही इतिहास आहे, आणि तो मनुष्याच्या जिवाशी निगडित आहे.

मागील चाकांच्या जोरावर चालणारी मोटार वेगाने वळणावर घातली असता पुष्कळदा तिचे तोंड पुरेसे वळत नाही. ती वळणाच्या बाहेरील कडेकडे ओढ घेते. यास ‘अंडरस्टिअर’ म्हणतात. मागचे अंगच बाहेर घसरले, तर तो ‘ओव्हरस्टिअर’. रोल्स-रॉइसमधून 1930 साली कॅडिलॅक कंपनीत गेलेले इंग्रज अभियंते मॉरिस ऑली यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला.

त्यातील मर्म असे. वळताना टायर पिळवटतो आणि चाक रोखल्या दिशेपासून किंचित ढळते. पुढची चाके मागच्यांहून अधिक ढळली की अंडरस्टिअर होतो. तो कमी करावयाचा, तर पुढील टायरांत हवा थोडी वाढवावी; अथवा गाडीचे कलणे रोखणारी मागील आडवी पोलादी दांडी अधिक जाड घालावी. मग मागील बाहेरच्या चाकावर भार वाढतो, मागची पकड थोडी सुटते आणि तोंड वळू लागते.

पण किती वळू द्यावे? 1960 सालची शेव्हरोलेट कॉरव्हेअर पाहा. तिचे इंजिन मागे असल्याने मागचे अंग जड होते. ते घसरू नये म्हणून पुढील टायरांत दर चौरस इंचास 15 पौंड आणि मागील टायरांत 26 पौंड हवा ठेवण्यास निर्मात्यांनी सांगितले होते. म्हणजे अंडरस्टिअर मुद्दाम राखला होता. ज्याने चारही टायरांत सारखी हवा भरली, त्याने नकळत तेच संरक्षण काढून घेतले. 1964 साली पुढे दांडी आली, 1965 साली मागची रचना पालटली. त्याच वर्षी राल्फ नेडर यांनी आपल्या ग्रंथात या गाडीवर कठोर टीका केली. पुढे 1972 साली सरकारी तपासणीत ती समकालीन गाड्यांहून अधिक धोक्याची नसल्याचा निर्वाळा मिळाला. तथापि सामान्य चालकाची सुरक्षितता हवेच्या अकरा पौंडांच्या फरकावर सोपवावी काय, हा प्रश्न उरलाच.

सारांश, ज्यास आपण दोष म्हणतो तोच बेताने राखला असता रक्षक ठरतो. म्हणून गाडीचा अंडरस्टिअर घालविण्यापूर्वी त्याने काय सांभाळले आहे, हे प्रथम पाहावे.