शेजारच्या शाळेचा हक्क: विशेष गरजांची मुले, त्यांचे पालक आणि हुडकेश्वर

नागपूरच्या आग्नेयेला असलेले हुडकेश्वर 2013 पर्यंत ग्रामपंचायतीचे गाव होते. त्या वर्षी नरसाळ्यासह ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले. मानेवाडा आणि दिघोरीकडून शहर सरकत आले, शेतांत ले-आउट पडले आणि वस्तीबरोबर कॉन्व्हेंट शाळाही उभ्या राहिल्या. या भागातील अंध, कर्णबधिर, स्वमग्न, बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा अध्ययन अक्षम मुलाचे आईवडील आज शेजारच्या शाळेत जाऊन प्रवेश मागू शकतात, आणि शाळेला अपंगत्वाच्या कारणावरून नकार देता येत नाही. हा हक्क एका दिवसात मिळालेला नाही. त्याच्या जवळपास प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी पालक उभा आहे.

अशा मुलांचे शिक्षण सुरुवातीला धर्मादायाचे काम समजले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत मूकबधिरांसाठी आणि 1900 च्या सुमारास अंधांसाठी मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. पुढे झालेल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यांत आजारपण किंवा दुर्बलता हे मूल घरी ठेवण्याचे मान्य कारण होते. सक्तीतून सूट मिळाली, पण त्या सुटीबरोबर शाळाही सुटली. नागपुरात अंध विद्यालय आणि शंकरनगरचे मूकबधिर विद्यालय उभे राहिले. कमलाताई होस्पेट यांनी 1921 मध्ये स्थापलेल्या मातृसेवा संघानेही पुढे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शाळा चालवली. या संस्थांचे काम मोलाचे होते. मात्र त्या मोजक्या होत्या आणि शहराच्या मध्य व पश्चिम भागात होत्या. हुडकेश्वरसारख्या गावातल्या मुलाला तेथे शिकायचे तर रोज शहर ओलांडावे लागे, नाहीतर वसतिगृहात राहावे लागे.

पालकांचा पुढाकार आधी संस्था काढण्याच्या रूपाने दिसला. डाऊन सिंड्रोम असलेल्या दीना या आपल्या मुलीला कोणतीच शाळा घेईना, तेव्हा मुंबईतील वकील आडनावाच्या दांपत्याने 1944 मध्ये स्वतः शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील शाळा. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मालिनीची आई मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईतच स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाचे केंद्र उघडले. मालिनी चिब पुढे लेखिका आणि कार्यकर्त्या झाल्या. ज्यांना शाळा काढण्याइतके बळ नव्हते, त्या पालकांची मुले मात्र घरीच राहिली.

याच सुमारास अमेरिकेत पालकांनी वेगळी वाट धरली. पेनसिल्व्हेनियातील पालक संघटनेने थेट राज्याविरुद्ध दावा लावला. सार्वजनिक शाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना नाकारू शकत नाहीत, हे तत्त्व 1970 च्या दशकाच्या आरंभी तेथे मान्य झाले. 1975 च्या कायद्याने प्रत्येक मुलासाठी लेखी शैक्षणिक आराखडा आणि तो ठरवण्याच्या बैठकीत पालकाला जागा दिली. पालकाच्या विनवणीला तेथे कायद्याचा आधार मिळाला.

भारतात कोठारी आयोगाने (1964–66) या मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याची शिफारस केली आणि 1974 मध्ये केंद्राची एकात्म शिक्षण योजना आली. योजनेत सोय असते, हक्क नसतो. हक्काची भाषा 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात आली. अठरा वर्षांपर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण देणे ही शासनाची जबाबदारी ठरली. त्याच वर्षी पालक संघटनांचा ‘परिवार’ हा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यामागेही पालकांचा मोठा रेटा होता.

महाराष्ट्राने एका बाबतीत देशाला वाट दाखवली. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता बाहेरून दिसत नाही. त्यामुळे अशा मुलावर आळशी, दांडगट असा शिक्का बसे आणि आईवडिलांनाही बोल लागे. 1996 मध्ये राज्य शासनाने या मुलांना सवलती मंजूर केल्या. जादा वेळ, लेखनिक, स्पेलिंगच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित, असे त्यांचे स्वरूप होते. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. सवलतीसाठी सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे प्रस्ताव लागतो. शाळेने प्रस्तावच पाठवला नाही तर सवलत कागदावर राहते. म्हणून हे कागद वेळेत पुढे जातात की नाही, हे पालकालाच पाहावे लागते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने चित्र पालटले. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यास बंदी आली. 2012 च्या दुरुस्तीने अपंगत्व असलेले मूल ‘वंचित गटातील बालक’ या व्याख्येत बसले. खाजगी शाळांतील 25 टक्के राखीव जागांचे दार त्याला उघडले आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला गृहाधारित शिक्षणाचा पर्याय मिळाला. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य प्रकारांची संख्या 21 केली. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला शेजारची शाळा किंवा विशेष शाळा यांतून निवड करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निर्देशानंतर 2022 मध्ये केंद्राने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले: प्राथमिक स्तरावर अशा 10 विद्यार्थ्यांमागे एक, वरच्या वर्गांत 15 मागे एक.

हुडकेश्वरच्या पालकाला या इतिहासाचा उपयोग शाळेच्या कार्यालयात होतो. मूल मागे पडते हे सांगणे पुरेसे नसते; नेमके काय हवे ते अर्जात लिहावे लागते. पुढच्या बाकावर जागा, मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका, तळमजल्यावर वर्ग, फिरत्या विशेष शिक्षकाची भेट, परीक्षेत लेखनिक, अशी मागणी एकेका ओळीत मांडावी, सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घालून पोच घ्यावी. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी नागपूरचे मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठावे लागते. शाळेने दाद दिली नाही तर तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे जाते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे, असे कायदा सांगतो. त्यापुढे बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. गाव शहरात आल्याने दारे बदलली आहेत. पूर्वीची वाट केंद्रप्रमुख, पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषद अशी होती. आता महापालिकाही आहे. म्हणून शाळा कोणाच्या अखत्यारीत येते, हे आधी विचारून घ्यावे.

एक तरतूद फारशी वापरली जात नाही. विनाअनुदानित खाजगी शाळा सोडून इतर शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटातील बालकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. 2012 नंतर या गटात विशेष गरजांची मुले येतात. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत विकास आराखडा ही समिती करते. रॅम्प, प्रसाधनगृह आणि शिक्षकांची मागणी त्याच आराखड्यात नोंदवायची असते. या मुलांच्या पालकांनी समितीतील आपली जागा मागून घ्यावी आणि बैठकीत आपले म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यावे.