धातूची तबकडी आणि दगडावरचा ठिपका

अमेरिकेत एखाद्या डोंगरमाथ्यावर किंवा जुन्या सरकारी इमारतीच्या पायरीवर तळहाताएवढी काशाची तबकडी बसवलेली आढळते. तिचा व्यास सुमारे ९ सेंटिमीटर असतो. कडेने संस्थेचे नाव, मध्यभागी त्रिकोण किंवा बाण, ठोशांनी उठवलेले ठिकाणाचे नाव व वर्ष असते. कित्येक तबकड्यांवर तर चिन्हाला धक्का लावल्यास २५० डॉलर दंड किंवा कैद, असा इशाराही असतो. भारतात हेच काम दीर्घकाळ दगडावर कोरलेल्या एका वर्तुळाने आणि त्याच्या केंद्रातील ठिपक्याने केले. साहित्य निराळे, तरी दोन्ही खुणा एकाच अडचणीतून जन्माला आल्या.

ती अडचण अशी. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात दूरच्या दोन शिखरांमधील कोन थिओडोलाइटने मोजतात. ५० किलोमीटर अंतरावर एक विकला कोन म्हणजे जेमतेम २४ सेंटिमीटर. पुढच्या पिढीतील मोजणीदाराला आधीचे यंत्र नेमके कोठे उभे होते हे वीतभराच्या अचूकतेने सापडले नाही, तर यंत्राची सारी सूक्ष्मता वाया जाते. नुसते ‘टेकडीच्या माथ्यावर’ म्हणून भागत नाही.

अमेरिकेत आरंभी खडकातील छिद्रे, तांब्याचे खिळे, इतकेच काय, जमिनीत पुरलेल्या बाटल्याही खुणा म्हणून वापरल्या गेल्या. धातूच्या तबकडीला खरी चालना १८९६ सालच्या एका कायद्याने दिली. त्या देशाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने ज्या प्रदेशाचे नकाशे करायचे, तेथे प्रत्येक टाउनशिपमध्ये, म्हणजे साधारण ९३ चौरस किलोमीटरमध्ये, उंचीची किमान दोन कायमची चिन्हे बसवावीत, असे बंधन आले. जंगल व डोंगराळ भागांत किमान एक. इतक्या मोठ्या संख्येने लागणारी वस्तू दर वेळी हाताने कोरणे परवडणारे नव्हते. तेव्हा काशाच्या आणि ॲल्युमिनियमच्या ओतीव तबकड्या, तसेच धातूची टोपी बसवलेले लोखंडी खांब तयार होऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी किनारा व भूमापन सर्वेक्षणानेही तबकडीचा अवलंब केला. तिच्या पाठीला दांडा असतो. तो खडकातील छिद्रात किंवा काँक्रीटमध्ये सिमेंटने पक्का करतात. उंचीच्या चिन्हाचा पृष्ठभाग किंचित फुगीर असतो, त्यामुळे मोजपट्टी टेकण्यासाठी सर्वांत उंच असा एकच बिंदू मिळतो. कांस्य गंजत नाही. ठिकाणाचे नाव मात्र प्रत्यक्ष जागेवर, हातोडी आणि ठोशांनीच उठवतात.

भारतातील कथा याआधी जवळजवळ शतकभर सुरू होते. विल्यम लॅम्ब्टन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे सुमारे १२ किलोमीटर लांबीच्या आधाररेषेची मोजणी आरंभली. (हेच लॅम्ब्टन १८२३ साली काम चालू असतानाच हिंगणघाट येथे निवर्तले, त्यांची कबर तेथेच आहे.) डोंगरमाथ्यावर उघडा खडक असेल तर त्यावरच वर्तुळ व ठिपका कोरीत. गंगेच्या सपाट मैदानात डोंगर नव्हते, म्हणून जॉर्ज एव्हरेस्ट यांनी बांधकामी मनोरे उभारले. खुणेचा एक दगड पायथ्याशी आणि दुसरा त्याच्या नेमका वर, ओळंब्याने जुळवलेला. वरचा नष्ट झाला तरी खालचा साक्षीला राहावा अशी ती योजना. पुढे या स्थानकांची राखण स्थानिक अधिकाऱ्यांकडे सोपवण्यात आली. कोरलेल्या ठिपक्याचा आणखी एक गुण सहसा कोणी नोंदवत नाही: काशाला भंगारात किंमत येते, ठिपक्याला येत नाही.

उंचीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. १८५८ साली कराचीपासून अचूक तलमापन सुरू झाले आणि तलचिन्हांचे, म्हणजे बेंचमार्कचे, दगड देशभर पसरले. नागपूरच्या झीरो माईलपाशी १९०७ सालचे असेच एक प्रमाण तलचिन्ह आहे. ते देशाचा भौगोलिक मध्य दाखवते ही समजूत निराधार आहे. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी कोरली आहे, म्हणजे फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत, सुमारे ०.३ मिलिमीटरपर्यंत! हा आत्मविश्वास थोडा भाबडाच म्हणावा लागेल. १९०९ साली देशातील तलमापनाचे समायोजन झाले तेव्हा नऊ भरती-ओहोटी केंद्रांवरील सरासरी समुद्रपातळी शून्य धरली गेली. वस्तुतः तापमान, क्षारता आणि प्रवाह यांमुळे ही पातळी सर्वत्र सारखी नसते. आकाश-पाताळ एक करून मोजलेला आकडाही पाया बदलताच बदलतो. अमेरिकेतील जुन्या तबकड्यांवरही उंची ठोकलेली असे. ती प्रथा पुढे याच कारणाने मागे पडली.

आकडा जुना होतो, खूण होत नाही. १२ जून १८९७ रोजी आसामात महाभूकंप झाला. त्यानंतर लवकरच खासी टेकड्यांतील त्रिकोणांची पुन्हा मोजणी झाली आणि स्थानकांमधील अंतरे बदललेली आढळली. त्या बदलाचा उलगडा तेव्हाच्या भूशास्त्राच्या आवाक्याबाहेर होता. शतकभराने, २००१ साली, रॉजर बिल्हॅम व फिलिप इंग्लंड यांनी तीच निरीक्षणे वापरून शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखाली दडलेला सुमारे ११० किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग शोधून काढला. पठाराची ती कड काही क्षणांत किमान ११ मीटर उचलली गेली होती. ठिपके जागचे हरवले असते, तर या भूकंपाची मोजदाद झालीच नसती.

उपग्रहांच्या युगात दगडांचे काम संपले, असे वाटणे साहजिक आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या अखंड चालणाऱ्या उपग्रह संदर्भ केंद्रांमुळे आज काही सेंटिमीटर अचूकतेचे स्थान तत्काळ मिळते. तथापि ही केंद्रे आजची स्थिती सांगतात. दीडशे वर्षांपूर्वीची नाही. द्वीपकल्पीय भारत आतून कितपत ताणला जातो हे पाहण्यासाठी संशोधकांनी १८६०च्या दशकातील स्थानके शोधून १९९४पर्यंत त्यांच्यावर जीपीएस यंत्रे बसवली, आणि विकृती अत्यल्प आढळली. २००१च्या भूज भूकंपानंतर कच्छमधील जुन्या खुणांचाही असाच उपयोग झाला.

रस्ता रुंदीकरणात किंवा खाणकामात नाहीशी झालेली खूण जुन्या नोंदवहीतील अक्षांश-रेखांशांवरून परत उभी करता येत नाही. ते आकडे कल्याणपूर हा आरंभबिंदू आणि एव्हरेस्ट यांचा पृथ्वीगोल धरून काढलेले आहेत. उपग्रहीय चौकटीत त्यांचे रूपांतर करताना काही मीटरची अनिश्चितता उरते. शोधायची हालचाल मात्र बहुधा सेंटिमीटरांत असते, आणि ती मोजण्यासाठी तोच दगड जागेवर सापडावा लागतो.