ओळखीचा पंच

ज्युबिलीच्या या अंकांत देवळाच्या बांधणीचा व धर्मगुरूंच्या सेवेचा वृत्तान्त अन्यत्र येईलच. आम्ही येथें अशा एका माणसाचा इतिहास वाचकांपुढें ठेवूं इच्छितों, कीं ज्याचें नांव कोणत्याही ढालीवर वा चषकावर कोरलें जात नाहीं. तो म्हणजे मैदानावरील पंच. त्यांतही आपल्याच ओळखीच्या लोकांचा न्याय करणारा पंच.

पंच हा शब्द आपणांस गांवच्या पंचायतीकडून मिळाला. ती सभा गांवांतल्याच वडीलधाऱ्यांची असे, आणि उभय पक्ष तिच्या परिचयाचे असणें हेंच तिचें बळ मानलें जाई. इंग्रजी 'अंपायर' हा शब्द मात्र एका जुन्या फ्रेंच शब्दापासून आला असून त्याचा अर्थ जोडींत न बसणारा, म्हणजे तिऱ्हाईत, असा आहे. एक शब्द जवळच्या माणसावर विसंबतो, दुसरा परक्यावर.

इंग्लंडांत १७४४ सालच्या क्रिकेटच्या नियमांनीं बाद-नाबादाचा सर्वाधिकार पंचांस दिला. फुटबॉलमध्यें प्रत्येक संघ आपापला पंच आणी, आणि त्या दोघांचें जुळलें नाहीं तर रेषेबाहेर उभ्या असलेल्या रेफरीकडे दाद मागावी लागे. तें बहुधा जुळत नसावें, कारण १८९१ सालीं रेफरीलाच मैदानांत घेऊन निर्णय त्याच्याकडे सोंपविण्यांत आला, आणि त्या पंचांच्या हातीं रेषेवरचें निशाण तेवढें राहिलें.

मुंबईंत हा प्रश्न फारच नाजूक होता, कारण तेथील मोठे सामने जमातवार होत. पारशी १८७७ पासून युरोपियनांशीं खेळत आले. १९०७ सालीं हिंदु व १९१२ सालीं मुसलमान त्यांत येऊन स्पर्धा चौरंगी झाली. आरंभीं पंच युरोपियनच असत. राज्यकर्ते खेळणार आणि न्यायही राज्यकर्त्यांचाच, हें इतरांस कितपत रुचलें असेल! पुढें खेळणाऱ्या दोन्ही जमातींबाहेरचे पंच नेमण्याची रीत पडली. आपणां ख्रिस्ती लोकांस १९३७ सालीं 'दि रेस्ट' हा पांचवा संघ निघाला तेव्हां जागा मिळाली. १९४३ च्या अंतिम सामन्यांत हिंदु संघाविरुद्ध त्याच्या दुसऱ्या डावांतील ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या विजय हजारे या मराठी ख्रिस्ती खेळाडूनें काढल्या. १९४६ नंतर ही स्पर्धा भरली नाहीं. पंच तटस्थ करतां आले, प्रेक्षक करतां आले नाहींत.

राष्ट्राराष्ट्रांच्या सामन्यांतही हीच वाट चालावी लागली. १९८६ सालीं पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्या लाहोर येथील कसोटींत ठाण्याचे पिलू रिपोर्टर व व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच उभे राहिले. १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच परदेशचे असावेत असें ठरलें. २०२० सालीं महामारीनें प्रवास थांबविला, तेव्हां यजमान देशाच्याच पंचांवर पुन्हां भिस्त ठेवावी लागली.

आतां आपल्या गांवांकडे वळूं. दोन आळ्यांच्या सामन्याला तिऱ्हाईत आणावा कोठून? तिसऱ्या आळींतला म्हणावा, तर त्याची बहीण पहिल्या आळींत दिलेली आणि बायको दुसरींतली! क्रिकेटमध्यें तर पुष्कळदां फलंदाजी करणाऱ्या बाजूचाच, पाळीची वाट पाहणारा गडी पंच म्हणून उभा राहतो. यावर लोकांनीं शोधलेली युक्ति आम्हांस फार मार्मिक वाटते. त्यांनीं पायचीतचा नियमच गाळून टाकला. १७७४ पासून तो क्रिकेटच्या कायद्यांत आहे; पण यष्टि उडाली तर सर्वांस दिसते, झेल सर्वांस दिसतो, पायचीत मात्र केवळ पंचाच्या नजरेवर ठरतो. जेवढा विश्वास गांवांत सहज मिळतो, तेवढाच भार पंचावर टाकावा, असा हा हिशेब आहे.

हुतुतूंत अशी सोय नाहीं. चढाई करणाऱ्याचा दम सुटला कीं नाहीं, हें रेषेजवळच्या पंचानेंच कान देऊन सांगावयाचें. तेथें ढकलाढकलींत सर्वच ओरडत असतात, आणि दम ज्याचा गेला तो कधीं कबूल करीत नाहीं. अशा वेळीं पुतण्याला बाद म्हणणाऱ्या काकाचें काम सोपें नसतें. त्या रात्रीं घरांत त्याच्याशीं कोणी धड बोलत नाहीं. तरी पुढच्या सामन्याला दोन्ही आळ्या बोलावणें त्यालाच धाडतात.