शनिवार तेल्यांची शाळा

मुलांना कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न आपल्या हजीऱ्यातील मराठी घरांना नवा नाही. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, घर मराठी; मग आपले ते मुलांना कोणी द्यायचे? दीडशे वर्षांपूर्वी मराठीच बोलणाऱ्या आणखी एका समाजापुढे असाच पेच होता. तो समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल, म्हणजेच मराठी ज्यू.

कुलाबा जिल्ह्यातील गावांत हे लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. नोकरीधंद्यासाठी ते मुंबईत आले, तेव्हा मुलांसाठी ख्रिस्ती मिशनच्या शाळा होत्या. तेथे सुट्टी रविवारची, घरचा शब्बाथ शनिवारचा. धर्मांतराची धास्ती वेगळीच. पण हिब्रू शिकण्याची सोयही तेथेच! डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले होते. पालकांनी मुले पाठवली. विद्या घेतली, धर्म मात्र फारच थोड्यांनी बदलला.

तरी धर्मशिक्षण कायम दुसऱ्यांवर सोपवणे बरे नव्हे, असे जाणत्यांना वाटले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत समाजाची शाळा काढली. मराठी-इंग्रजीबरोबर हिब्रूही शिकवली जाऊ लागली. माझगावची ही शाळा पुढे सर एली कडूरी यांच्या नावाने ओळखली गेली.

सर्वांनी तीच शाळा निवडली असे नाही. कवी निस्सिम इझिकेल कॅथलिक शाळेत शिकले. शाळेबाहेरही शिकवण चालूच होती. घरोघरी मलिद्याचे ताट मांडले जाई. १८८० च्या सुमारास या समाजात मराठी कीर्तने सुरू झाली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा आपल्याच चालींत रंगू लागल्या.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. माझगावच्या शाळेत आज प्रामुख्याने इतर धर्मांची मुले शिकतात. पण इस्रायलमध्ये या मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

आपणही मुलांना पोटापाण्याची विद्या मिळेल त्याच शाळेत घालणार, आणि घालावेच. मात्र आरती, कीर्तन, नाटक आणि घरातले मराठी बोलणे या आपल्या दुसऱ्या शाळेचे शिक्षक आपणच आहोत. उत्सवाचे दहा दिवस ती भरतेच. उरलेले वर्षभरही ती भरली पाहिजे.