लिनक्सला वाचा कशी फुटली

संगणक बोलतो, गातो, याचें आज कोणास नवल वाटत नाहीं. परंतु लिनक्स या मुक्त प्रणालीवर ध्वनीची घडी नीट बसावयास १९९२ पासून २००३ पर्यंतचा काळ लागला. हा इतिहास यंत्राचा आहे, तितकाच ज्ञानाच्या मालकीचाहि आहे.

१९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लायनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहिला आणि त्याची मूळ संहिता सर्वांस खुली केली. त्या काळीं ध्वनीसाठीं संगणकांत निराळें कार्ड बसवावें लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचें, १९८९ सालीं निघालेलें 'साउंड ब्लास्टर' हें त्यांत प्रमुख होतें. पण कार्ड बसविलें कीं आवाज निघाला, असें होत नाहीं. प्रणाली आणि कार्ड यांच्यामध्यें एक दुभाष्या लागतो. त्यास 'ड्रायव्हर' म्हणतात. कारखानदार हा दुभाष्या डॉस व विंडोज यांसाठीं देत. लिनक्सची वास्तपुस्त क्वचितच होई, आणि पुष्कळदां कार्डाचा अंतर्गत तपशीलहि उघड केला जात नसे.

फिनलंडच्याच हन्नु सावोलायनेन यांनीं १९९२ सालीं साउंड ब्लास्टरसाठीं ड्रायव्हर लिहिला. त्यांतूनच पुढें 'ओपन साउंड सिस्टिम' उभी राहिली. तरी सामान्य माणसाचें काम सोपें नव्हतें. कार्डाचा पत्ता बहुधा २२०, प्रोसेसरचें लक्ष वेधण्याचा क्रमांक ५ किंवा ७, असे आंकडे त्यानें स्वतः जुळवावे लागत. एखादा आंकडा दुसऱ्या उपकरणाशीं भिडला, कीं कार्ड मुकें! शिवाय साध्या कार्डावर एका वेळीं एकाच प्रोग्रॅमला बोलतां येई, बाकीच्यांनीं थांबावें.

पुढें फोरफ्रंट टेक्नॉलॉजीज ही कंपनी या ड्रायव्हरची सुधारलेली आवृत्ति किंमत घेऊन विकूं लागली, आणि गाभ्यांतील खुली आवृत्ति मागें पडली. श्रमाचें मोल मागणें गैर नव्हे; पण सर्वांचा आवाज एकाच्या कुलपांत राहावा काय, हा प्रश्न उभा राहिला.

त्यास उत्तर दिलें चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव्ह किसेला यांनीं. ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठीं आरंभिलेल्या कामांतून त्यांनीं १९९८ सालीं 'अल्सा' ही नवी रचना सुरू केली. अनेकांच्या हातभारानें ती वाढली आणि डिसेंबर २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या २.६ या गाभ्यांत मुख्य ध्वनिव्यवस्था म्हणून आली. अनेक प्रोग्रॅमांचे आवाज मिसळण्याची सोयहि तिनें केली. गंमत अशी, कीं अल्सा नीट बसूनहि नवखा मनुष्य गोंधळे. कारण तिचे मार्ग आरंभीं मुद्दाम बंद ठेवलेले असत. 'अल्सामिक्सर' उघडून 'एम' ही कळ दाबली व पातळी चढविली, म्हणजे आवाज येई.

२००७ सालीं फोरफ्रंटनेंहि आपली संहिता खुली केली. पण तोंवर अल्सा स्थिरावली होती. २०१७ सालीं पुढें आलेली 'पाइपवायर' ही व्यवस्थाहि तिच्याच पायावर उभी आहे.

हा खटाटोप केवळ गाण्यांसाठीं होता, असें कोणी समजूं नये. ज्यास दृष्टि नाहीं, त्याला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी वाणी हेंच संगणकाचें दार आहे. तें दार एकानें लावलें असतां दुसऱ्यास नवें पाडतां आलें, याचें कारण एकच: खालची भिंत सर्वांच्या मालकीची होती. विकत घेतलेली वस्तु आपली खरी. पण ती कशी चालते हें जाणण्याची मुभा असेल, तरच ती पुरती आपली होते.