पशुवैद्यांचा दंड व पशुवैद्यांची नोंदणी

वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथें १९३९ सालीं उजेडांत आला. वाकाटकांच्या दानपत्रांत अग्रहारास दिलेल्या सवलतींमध्यें, गांवानें पाळीपाळीनें गाईबैल पुरवावे लागूं नयेत, अशीहि एक सवलत आढळते. बैल हें राज्याच्या दृष्टीनेंहि मोलाचें धन होतें, हें यावरून उघड आहे. तें धन वैद्याच्या हातून बुडाल्यास जबाब कोणीं द्यावयाचा, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतों.

कौटिल्यानें याचा विचार अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत केला आहे. उपचारांतील किंवा औषधांतील हयगयीनें रोग वाढल्यास उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड. त्याच दोषानें विपरीत घडल्यास जनावराच्या किंमतीइतका दंड. गाई, गाढवें, उंट, म्हशी व शेळ्यामेंढ्या यांसहि तो हाच नियम लावतो. परंतु हें प्रकरण राजाच्या पागेचें आहे. रयतेच्या जनावरासाठीं स्मृतींकडे वळलें पाहिजे. चुकीचा उपचार करणाऱ्या वैद्यास मनु पशूंच्या बाबतींत प्रथम साहस व मनुष्यांच्या बाबतींत मध्यम साहस दंड सांगतो. याज्ञवल्क्य राजपुरुषाकरितां उत्तम साहस ही तिसरी पायरी जोडतो; त्याच्या मानानें हे दंड अनुक्रमें २७०, ५४० व १०८० पण होतात. महाराष्ट्रांत प्रमाण मानलेली मिताक्षरा याच स्मृतीवरील टीका होय. व्यवसायापूर्वीं राजाची अनुज्ञा असावी असें सुश्रुत म्हणतो खरें, पण तें मनुष्यांच्या वैद्याविषयीं. पशुवैद्याविषयींचीं वरील वचनें परिणाम पाहतात, अधिकार नव्हे.

अर्वाचीन कायद्यानें हा क्रम उलटविला. महाराष्ट्रानें १९७१ सालीं पशुवैद्यक व्यवसायींचा कायदा केला. त्या वेळीं वाशीम अकोला जिल्ह्यांत होतें, स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं झाला. पुढें कांहीं राज्यांच्या विधिमंडळांनीं केलेल्या ठरावांवरून संसदेनें १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम संमत केला. त्याच्या ३० व्या कलमानें नोंदणी झालेल्या पशुवैद्यावांचून इतरांस व्यवसायाची मनाई आहे. मात्र पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्यांस नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखालीं किरकोळ सेवा करण्याची परवानगी राज्यसरकार देऊं शकतें. व्यवसायाच्या आचाराचे नियम १९९२ सालीं झाले. गैरवर्तन सिद्ध झाल्यास पटावरून नांव कमी होतें.

तात्पर्य, पूर्वीं दंड जनावराच्या मोलाशीं जोडलेला होता, आतां शिस्त वैद्याच्या नांवाशीं जोडलेली आहे. दोहोंतहि एक गोष्ट समान राहिली. जुना दंड राजाच्या कोशांत जाई. आज नांव कमी झालें तरी तेवढ्यानें बैलाची किंमत शेतकऱ्याच्या हातीं पडत नाहीं, त्यासाठीं त्यास निराळी दाद मागावी लागते. म्हणून शालिहोत्राचीं बाडें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं औषधांचीं नांवें उतरून घेऊन थांबूं नये. समासांतील देण्याघेण्याच्या नोंदीहि पाहाव्या. वैद्याच्या चुकीचा भार कोणीं सोसला, याचा पुरावा स्मृतींपेक्षां अशा नोंदींतूनच मिळावयाचा.